हिंगोलीच्या पोटात कोण सरकतंय?

अलार्मच्या आधीच भूकंपाने उठवलं तर? हिंगोलीकरांना हा अनुभव नवा नाही. पण जमिनीखाली नेमकं होतं काय? आणि गावाकडच्या घराचं काय?

२१ मार्च २०२४. सकाळचे सहा वाजून आठ मिनिटं. हिंगोली, परभणी, नांदेडमध्ये लोक धडाधड घराबाहेर आले. भूकंप ४.५ रिश्टरचा. जरा दम घेतो न घेतो तोच अकरा मिनिटांनी दुसरा धक्का, ३.६ चा. मग १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमाराला पुन्हा एक, पुन्हा ४.५ चाच! पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या पोरापोरींचे फोन त्या दिवशी वाजतच राहिले. ‘आई, बाहेर थांब गं जरा...’

वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या लोकांना तर हे रोजचंच. गेली काही वर्षं तिथे जमिनीतून गूढ आवाज येतात. तोफ उडाल्यासारखे. यात भुताटकी काही नाही, बरं का. छोटा भूकंप अगदी उथळ झाला, तर त्याच्या झपाट्याने थरथरणाऱ्या लहरी हवेत शिरतात आणि कानाला चक्क ऐकू येतात.

कपाटाचा फंडा

नवा फ्लॅट लावताना जड कपाट सरकवलंय कधी? ढकला, ढकला... ढिम्म! आणि मग एकदम फूटभर पुढे. भूकंपाचं गणित हेच. भारताची भूपट्टी दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते आणि आशियाला धडक देते. तो ताण पार मराठवाड्यापर्यंत पोचतो. इथे काळ्या कातळाखाली फार जुना ग्रॅनाइटसारखा खडक आहे आणि त्यात जुन्या भेगा. ताण वाढतो, पण घर्षण भेगेच्या दोन्ही बाजू धरून ठेवतं. ज्या क्षणी ताण घर्षणाला भारी पडतो, त्या क्षणी खडक सटकतो. तोच धक्का!

हे घर्षण किती असतं? १९७८ साली जेम्स बायर्ली या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतले ढीगभर आकडे एकत्र केले. गंमत म्हणजे ग्रॅनाइट असो की चुनखडक, घर्षणाचा आकडा ०.६ ते ०.८५ च्या आसपासच निघाला. अपवाद चिकणमातीसारख्या खनिजांचा, ती निसरडी. आता दहा किलोमीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरवर अडीच टनांहून जास्त भार असतो. म्हणजे भेग सरकवायला किती जोर लागेल, बघा! त्याहून फार खोल गेलं की खडक इतका तापतो की तुटण्याऐवजी हळूहळू वाहतो. तिथे धक्का नाही.

भेगेत पाणी दाबाने शिरलं की मात्र खेळ बदलतो. पाणी दोन्ही बाजूंना आतून रेटतं, पकड ढिली होते. कोयना धरणात १९६२ पासून पाणी साठू लागलं आणि ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला. त्याचा संबंध जगभरचे शास्त्रज्ञ या पाण्याशीच जोडतात. याच कोड्यासाठी कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल भोक पाडून थेट खडकच तपासला गेला.

घाबरायचं किती?

पुढचा धक्का कधी, हे कुणीही सांगू शकत नाही. तसा व्हॉट्सॲप मेसेज आला तर सरळ डिलीट मारा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. ४.५ च्या धक्क्यापेक्षा त्यात साडेतीनशे पट जास्त ऊर्जा होती. पण किल्लारीत हजारो माणसं दगावली, त्यात मोठा वाटा घरांचा होता. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. पहाटे चारच्या आत सगळे झोपेत, आणि ते सगळं अंगावर आलं.

म्हणून खरा प्रश्न रिश्टरचा नाही, भिंतीचा आहे. इथे ईएमआय भरताय, पण गावाकडे आई-बाबा अजून माळवदाच्या घरात असतील, तर या दिवाळीत सोफ्याऐवजी इंजिनियर घेऊन जा. दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा, भिंतीत आरपार जाणारे दगड, छपरावरचं मातीचं ओझं कमी. खर्च नव्या घरापेक्षा कितीतरी कमी.

आणि हो, याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ उभारायचं ठरलंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारं हे यंत्र प्रोटॉनच्या हजारो पट लहान थरथर मोजेल. जमिनीचे हादरे पोचू नयेत म्हणून त्याचे आरसे टांगून ठेवतात. आरशांची एवढी काळजी घेतली जाते, मग आईच्या डोक्यावरच्या छपराची आपण घ्यायला काय हरकत आहे?