बेदरची पावती

मराठी माणसाच्या घरात बिदर पहिल्यांदा येतं ते दामाजीपंतांच्या गोष्टीतून. दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारं लोकांसाठी उघडली गेली, बादशहाचा कोप झाला, आणि विठू महाराच्या रूपानं पांडुरंग बेदरच्या दरबारात धान्याचे पैसे घेऊन उभा राहिला. या प्रसंगाशी आला की कीर्तनकाराचा आवाज चढतो आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. मला मात्र या कथेतला एक कोरडा तपशील लहानपणापासून आवडतो. विठूनं पैसे मोजून दिले आणि पावती मागून घेतली. देव झाला तरी हिशेब चोख!

बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या दोन जिल्ह्यांत जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काय चाललं आहे, याचा आढावा घ्यायला बसलो तेव्हा ही पावती डोक्यातून जाईना. संवर्धन, जीर्णोद्धार, नूतनीकरण, सुशोभीकरण, असे शब्द फलकांवर पुष्कळ आहेत. पण काम संपल्यावर वास्तूत जुनं किती उरलं, नवं किती घातलं आणि ते कशानं घातलं, हे लिहून कोण ठेवतं?

हा मुलूख आपल्याला परका नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. आजही भालकी, औराद, बसवकल्याणच्या बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी एकाच वाक्यात नांदतात. गाणगापूरच्या पादुका आणि माणिकनगरची गादी यांच्या ओढीनं महाराष्ट्रातून माणसं वर्षभर इकडे येतात. येता-जाता त्यांना एसटीच्या खिडकीतून घुमट दिसतात. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं ते गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत. पंधराव्या शतकात अहमदशहा वलीनं राजधानी बिदरला हलवली. त्याआधी कल्याण ही चालुक्यांची राजधानी आणि मान्यखेट म्हणजे आजचं मळखेड ही राष्ट्रकूटांची. विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' कल्याणला लिहिली गेली. एवढ्या राजधान्या जवळजवळ असल्या की जुन्या भिंतींचं कौतुक कमी होतं आणि त्यांची दुरुस्ती कोणी करायची हा वाद वाढतो. कुठे केंद्राचं पुरातत्त्व खातं, कुठे राज्याचं, कुठे वक्फ, कुठे देवस्थान, आणि उरलेल्या ठिकाणी घरमालक.

यझदानींची वही

या भागात दुरुस्तीची शिस्तशीर नोंद सुरू झाली ती निजामाच्या काळात. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानानं पुरातत्त्व खातं काढलं आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. पुढची जवळजवळ तीस वर्षं त्यांनी हे खातं चालवलं. बिदरच्या वास्तूंवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. महाल, मशिदी, कबरी, दरवाजे, बुरूज यांची मोजमापं, नकाशे, शिलालेख आणि छायाचित्रं त्यात आहेत. आज एखादा सज्जा कोसळला तर तो मुळात कसा होता हे पाहायला वास्तुविशारद अजून हाच ग्रंथ उघडतात. पावती म्हणतात ती ही.

याच खात्याचा दुसरा अनुभव आपल्या अजिंठ्याचा आहे. १९२० ते २२ च्या सुमारास निजाम सरकारनं चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना भित्तिचित्रं वाचवायला बोलावलं. त्यांनी पोपडे चिकटवले, रंग सावरला आणि चित्रांवर लाखेचं रोगण चढवलं. पुढे ते रोगण पिवळं पडून काळवंडलं, आणि ते काढण्यात नंतरच्या पिढ्यांची वर्षं गेली. माणसं जाणकार होती आणि हेतूही चांगला होता. कशावर काय लावलं हे ठाऊक होतं म्हणून निदान काय काढायचं ते तरी कळलं. इथल्या प्रत्येक आराखड्याशेजारी अजिंठ्याचं हे प्रकरण ठेवावं असं मला वाटतं.

अर्धा मदरसा, अर्धा घुमट

बिदरच्या जुन्या गावात चौबाऱ्यावरून किल्ल्याकडे निघालं की महमूद गावानचा मदरसा लागतो. बहमनी राज्याचा हा इराणी वजीर विद्वान होता. १४७२ च्या सुमारास त्यानं ही तीन मजली इमारत उभी केली, आणि १४८१ मध्ये बनावट पत्राच्या कटात सुलतानानं त्याचाच शिरच्छेद करवला. औरंगजेबाच्या काळात इथे दारूगोळा ठेवला होता. १६९६ च्या स्फोटात दर्शनी बाजूचा अर्धा भाग आणि एक मनोरा उडाला. उरलेल्या मनोऱ्यावर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या झिलईच्या फरशांची नक्षी अजून टिकून आहे. जवळ जाऊन पाहिलं की फरशा गळालेल्या जागी खालच्या चुन्यात त्यांचे ठसे दिसतात. दात पडल्यावर हिरडी दिसावी तसे.

इथे आलेला प्रत्येक पाहुणा एकदा तरी म्हणतो, "दुसरा मनोरा बांधून टाकला तर काय छान दिसेल!" सोपं आहे. नकाशा आहे, दगड मिळतो, गुत्तेदार तयार असतो. पण नवा मनोरा उभा राहिला की स्फोटाची गोष्ट पुसली जाते आणि खऱ्या मनोऱ्याकडेही लोक संशयानं पाहू लागतात. जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या संवर्धन-पुस्तिकेपासून पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या २०१४ च्या धोरणापर्यंत एकच धागा आहे. आहे ते सावरा, नसलेलं कल्पनेनं उभं करू नका. मदरशाची तुटकी कड तशीच ठेवून ती पक्की करण्यात जी संयमाची कारागिरी लागते तिचं उद्‌घाटन करता येत नाही, म्हणून तिला पैसे मिळायला वेळ लागतो.

शहरापासून जवळच अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांतल्या हुमायूनच्या कबरीवर वीज पडली आणि घुमट उभा चिरला. आज तिथे उभं राहिलं की अर्ध्या घुमटाची जाडी, आतला भराव, वर निमुळता होत जाणारा बाक हे सगळं कापलेल्या कलिंगडासारखं डोळ्यांसमोर असतं. स्थापत्य शिकणाऱ्या मुलांना याहून चांगली आकृती कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

जांभा आणि चुना

बिदरचं पठार जांभ्याचं आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनं चिरता येतो, आणि हवा लागली की टणक होतो. किल्ल्याचा खंदक याच खडकात खोदला आणि निघालेल्या दगडातूनच तट चढला. हा दगड सच्छिद्र आहे. पावसाळ्यात पाणी पितो, उन्हाळ्यात सोडतो. चुन्याचा दर्जा, म्हणजे दगडांमधला सांधाही, तसाच श्वास घेतो. म्हणून ही जोडी शेकडो वर्षं टिकली.

बिघडतं ते सिमेंट आल्यावर. सिमेंटनं दर्जे भरले की भिंत चार दिवस चकचकीत दिसते. आत मुरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ते दगडातून वाट काढतं. बरोबर क्षार येतात, दगडाचा पापुद्रा सुटतो आणि काही वर्षांनी सिमेंटची जाळी तशीच राहून मधला दगड खोल गेलेला दिसतो. एका म्हाताऱ्या गवंड्यानं मला साधी परीक्षा शिकवली होती. दर्जावर नख ओढायचं. पांढरा भुगा आला तर चुना. नखच मोडलं तर समजायचं की सरकारी दरसूची भिंतीत शिरली आहे.

तो थट्टा करत होता, पण म्हणणं खरं होतं. चुना आठवडे भिजवावा लागतो, घाण्यात मळावा लागतो, त्यात सुरखी, गूळ, बेलफळाचा गर जातो, आणि लावल्यावर दिवसेंदिवस ओला ठेवावा लागतो. निविदेत काम संपवायची तारीख मार्चअखेरची असते. चुन्याला मार्च कळत नाही.

पाण्याचा आराखडा

नृसिंह झऱ्याच्या गुहेत भाविक छातीभर पाण्यातून देवापर्यंत जातात. गुरुद्वाऱ्यात नानक झिऱ्याचं गोड पाणी आहे. ही सगळी जांभ्याची देणगी. वरचा सच्छिद्र थर पाणी साठवतो, खालचा थर ते अडवतो. हे गणित ओळखून बहमनी काळात इराणी पद्धतीची करेझ खोदली गेली. लोक तिला सुरंग बावडी म्हणतात. जमिनीखाली मंद उताराचा बोगदा आणि त्यावर ठरावीक अंतरानं हवेच्या उभ्या विहिरी. नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी ही तिची बिदरमधली नावं. गेल्या दशकात भूगोलाच्या अभ्यासकांनी ती मोजली, जिल्हा प्रशासनानं नौबादला गाळ काढला आणि पाणी पुन्हा दिसलं. जागतिक पातळीवरही दखल घेतली गेली. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या लक्ष ठेवण्याच्या यादीत २०१४ मध्ये बिदरचं ऐतिहासिक शहर आणि २०२० मध्ये दख्खनच्या जुन्या जलव्यवस्था आल्या. गुलबर्गा आणि बिदरच्या वास्तू दख्खनी सल्तनतींच्या गटात युनेस्कोच्या संभाव्य यादीवर २०१४ पासूनच आहेत.

करेझ जपायची तर वरचं पठार जपावं लागतं. पाणी जिथे मुरतं तिथे प्लॉट पडले, काँक्रीट आलं, बोअर खोल गेले की खालचा बोगदा कितीही साफ केला तरी कोरडा राहतो. म्हणून एखाद्या आराखड्यात स्मारकाचा नकाशा आहे पण पाण्याचा उतार दाखवलेला नाही, असं दिसलं की मी तो बाजूला ठेवतो. छपरावरच्या पाण्याचंही तसंच. कलबुर्गी किल्ल्यातल्या १३६७ च्या जामा मशिदीला उघडं अंगणच नाही, सगळा विस्तार घुमटांनी झाकला आहे. अशा छपराचा जीव घुमटांच्या मधल्या खोलगट जागेत असतो. तिथली वाट तुंबली तर खालची रंगरंगोटी वाया.

घरं आणि शंभर मीटर

१९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये सुधारणा झाली. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित. जुन्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. मोकळ्या माळावरच्या देवळाला हे ठीक आहे. बिदरमध्ये स्मारकं आणि घरं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसली आहेत.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचं असंच एक माळवदाचं घर होतं. एक तुळई खचली म्हणून त्यांनी परवानगीचा अर्ज केला. नकाशा, फोटो, शपथपत्र, पुन्हा नकाशा. तोवर पावसाळा आला आणि माळवद बसलं. आता तिथे पत्रे आहेत. एक तुळई बदलायची होती, अख्खं घर गेलं. कायदा स्मारकाला वाचवतो, पण स्मारकाला अर्थ देणारी गल्ली वाचवायची सोय त्यात अपुरी आहे. दुसऱ्या टोकाला रस्तारुंदीकरण आहे. त्यात जुन्या देवड्यांचे दर्शनी भाग एका रेषेत कापले जातात आणि उरलेल्या अर्ध्या खोलीला शटर लागतं.

कलबुर्गीच्या किल्ल्यात प्रश्न उलटा आहे. आतच कितीतरी कुटुंबांनी संसार मांडले, आणि त्यांना हलवण्याचा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला. किल्ला मोकळा व्हायला हवा, हे खरं. पण पुनर्वसनाचं पान नसलेला आराखडा हा निम्माच आराखडा आहे.

माणसं आणि वास्तू यांचं नातं पाहायचं तर होळीनंतर अष्टूरला जावं. अहमदशहा वलीच्या कबरीवर दरवर्षी जत्रा भरते, कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळचे जंगम येतात, शंख फुंकला जातो. लिंगायतांना तो अल्लमप्रभूंचं रूप वाटतो, मुसलमानांना वली. त्याच घुमटाच्या आत सोन्याचा आणि शेंदरी रंग शतकानुशतकं टिकून आहे. रंग वाचवण्यासाठी ही जत्रा बंद करायची का? मला वाटतं, धूर आणि गर्दी आवरायची, जत्रा चालू ठेवायची. जिथे माणसं येतात तिथे गळती लवकर कळते. बिदर किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचं जडावकाम आहे, पण तो बहुतेक वेळा कुलपात. कुलपाआडची ओल कुणाला दिसणार?

बिदरीच्या कारागिरांचं नातं तर किल्ल्याच्या मातीशीच आहे. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकली की शेवटी ते किल्ल्यातल्या जुन्या मातीच्या पाण्यात उकळतात. भांडं काळंभोर होतं आणि चांदी उठून दिसते. माती योग्य आहे की नाही हे कारागीर जिभेवर चिमूट ठेवून ठरवतो. या कलेला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२३ मध्ये शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. किल्ल्यात फरसबंदी करणाऱ्याला ही माती म्हणजे नुसता भराव वाटू शकते.

सन्नतीचा चौथरा

शेवटी भीमेकाठच्या सन्नतीला. चंद्रलांबा ही महाराष्ट्रातल्याही कितीतरी घरांची कुलदेवता. १९८६ मध्ये तिच्या आवारातल्या काली मंदिराचं छप्पर कोसळलं आणि देवीच्या मूर्तीखालच्या शिळेवर अक्षरं दिसली. ब्राह्मीत कोरलेल्या अशोकाच्या आज्ञा! कधीकाळी कुणीतरी देऊळ बांधताना जवळ पडलेली चांगली शिळा उचलली, मूर्ती बसवायला मध्ये खाच पाडली आणि काम चालवलं. पुढे जवळच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपात अशोकाचं नाव कोरलेलं राजशिल्पही निघालं.

त्या अज्ञात गवंड्याला मी दोष देत नाही. त्याला ब्राह्मी वाचता येत नव्हती. आपल्याला येते, म्हणून आपली जबाबदारी वाढते. आज जो आराखडा मंजूर होईल त्याच्याबरोबर एक पातळ वही हवी. काम सुरू होण्याआधीचे फोटो, कोणता दगड बदलला, चुना कुठला, पाणी कुठून काढलं, कोणती घरं हलली आणि कुठे गेली, आणि पुढची दहा वर्षं पावसाळ्याआधी छपरावर कोण चढणार त्याचं पद. ही वही नगरपालिकेत, ग्रंथालयात, शाळेत कुणालाही पाहता यावी, कन्नडमध्ये आणि मराठीतही.

सन्नतीच्या शिळेत मूर्तीसाठी पाडलेल्या खाचेपाशी अशोकाच्या ओळी तुटतात. काय गेलं ते दुसऱ्या ठिकाणच्या लेखांवरून जुळवावं लागतं, कारण खाच पाडताना कुणी नक्कल करून ठेवली नव्हती.