मन सावरले, पण पायांचे काय?

सत्तरी ओलांडलेल्या आजींना नैराश्याने घेरले. जेवण सुटले, झोप उडाली, तेव्हा घरच्यांनी त्यांना मनोरुग्णालयात दाखल केले. औषधे लागू पडली. आजी बोलू लागल्या, नातवंडांची चौकशी करू लागल्या. पण मुलगा न्यायला आला तेव्हा पाहतो तर काय, स्वतःच्या पायांनी आलेल्या आजींना खाटेवरून उठायलाही दोघांचा आधार लागत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या घरी त्यांना न्यायचे कसे? अशी वेळ कोणत्याही कुटुंबावर येऊ शकते.

ताकद कुठे जाते?

वयोमानाने स्नायू आधीच कमकुवत झालेले असतात. त्यात सतत पडून राहिले की काही दिवसांतच मांड्यांची ताकद घटते. नैराश्यात तर उठावेसेच वाटत नाही. भास-भ्रम कमी करणाऱ्या काही औषधांनी कंपवातासारखे अंग ताठरते, पावले घासत पडतात. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो. काही औषधांमुळे एकदम उठताच रक्तदाब उतरून घेरी येते. रात्री लघवीला उठलेला रुग्ण पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. मग 'पुन्हा पडेल' या भीतीने त्याला बसवूनच ठेवले जाते आणि उरलीसुरली ताकदही जाते.

खुर्ची आणि तीन मीटर

हे दुष्टचक्र तोडण्याचे काम फिजिओथेरपिस्टचे. त्यांची एक चाचणी अगदी साधी आहे. रुग्णाने खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. याला १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असे समजतात. मग खुर्चीतून उठणे-बसणे, आधार धरून टाचा उचलणे, बाजूला पावले टाकणे असे व्यायाम सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करायला हवेत.

मनोरुग्णांच्या वॉर्डात मात्र नुसते व्यायाम माहीत असून भागत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्याला लांबलचक सूचना समजत नाहीत. समोर उभे राहून करून दाखवले, एका वेळी एकच गोष्ट सांगितली, तर तो करू शकतो. 'व्यायाम' म्हणताच मान फिरवणारे आजोबा 'चला, बागेत चहा घेऊ' म्हटले की उठतात. चेंडू झेलणे, चादरींच्या घड्या घालणे, भजनाच्या तालावर टाळ्या वाजवणे हाही व्यायामच. नकार मिळाला तर जबरदस्ती न करता थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे. शिवाय हालचालीने झोप सुधारते, मनावरचे मळभही हलके होते.

हक्क कागदावरच नको

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की, घरचे कुणी नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्याच कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. पण पायच साथ देत नसतील तर या हक्काचा उपयोग काय? न्हाणीघरापर्यंतही जाता न येणाऱ्या वृद्धाला सांभाळायला प्रेमळ घरेही कचरतात.

म्हणूनच दाखल करतानाच विचारा, इथे फिजिओथेरपीची सोय आहे का? चष्मा, श्रवणयंत्र, काठी आणि पायात घट्ट बसणाऱ्या चपला किंवा बूट सोबत द्या. अंग ताठरलेले दिसले, घेरी येऊ लागली तर डॉक्टरांच्या कानावर घाला, मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. घरी आणण्यापूर्वी न्हाणीघरात धरायला दांडी आणि रात्रीसाठी दिवा लावून घ्या. घसरणारी पायपुसणी उचलून ठेवा.

आणि भेटायला जाल तेव्हा फळांची पिशवी जरूर न्या, पण खाटेशेजारी बसून वेळ घालवू नका. डॉक्टरांची परवानगी असेल तर आजींचा हात धरून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारा. त्यांच्या घराची वाट तिथूनच सुरू होते.