तारेवरचा वानरराजा

इ. स. ६४१च्या सुमारास एक चिनी भिक्षू महाराष्ट्रात येऊन गेला. तेव्हा इथे चालुक्यांचा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. या भिक्षूने, ह्युएनत्संगाने, इथल्या माणसांबद्दल लिहून ठेवलेलं आपण आजही अभिमानाने सांगतो. ही माणसं उपकार विसरत नाहीत, अपमान गिळत नाहीत, लढाईला निघताना स्वतः दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात. त्याच प्रवासवर्णनात पुढे एका लेण्याचं वर्णन आहे, त्याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. राज्याच्या पूर्व सीमेवर, डोंगराच्या अंधाऱ्या घळीत कोरलेला विहार, बाहेर दगडी हत्ती. बहुतेक अभ्यासक हे अजिंठा असावं असं मानतात. आत बुद्धाची प्रचंड मूर्ती आणि तिच्या डोक्यावर एकावर एक सात दगडी छत्रं, तीही अधांतरी. कशाला टांगलेली नाहीत की कशावर टेकलेली नाहीत. कोणी म्हणे हे अर्हताच्या संकल्पाचं बळ, कोणी म्हणे त्याची सिद्धी, तर कोणी म्हणे औषधी-रसायनांची किमया. ह्युएनत्संगाने तिन्ही मतं नोंदवली आणि भरवशाचा खुलासा मिळत नाही असंही प्रांजळपणे लिहिलं.

६४५ साली तो ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी परतला. पुढच्या काही शतकांत कीर्तनकार, कथेकरी आणि नाटकवाले यांनी त्याच्या प्रवासाभोवती राक्षस, यक्षिणी, ड्रॅगन आणि देवांचे दरबार उभे केले. या सगळ्याची १०० प्रकरणांची कादंबरी १५९२ साली छापली गेली. ती वू छंगअनने लिहिली असं सहसा मानतात. तिचं नाव 'शियौ ची', म्हणजे पश्चिमेची यात्रा. चिन्यांच्या लेखी पश्चिम म्हणजे आपला भारत. या कादंबरीतला भिक्षू भोळा, घाबरट आणि पटकन फसणारा आहे. खरा नायक त्याचा शिष्य, सुन वुकोंग हा वानर. त्याला ७२ रूपं घेता येतात, एका कोलांटीत तो १,०८,००० ली अंतर कापतो आणि १३,५०० जिन वजनाची लोखंडी काठी सुईएवढी करून कानात खोवतो.

हा वानर मारुतीवरून आला का, या प्रश्नावर चिनी विद्वानांनी शंभर वर्षं वाद घातला आहे. हू शृ यांनी १९२३ साली हनुमानाचं नाव घेतलं. लू शुन यांना तो देशी जलराक्षसाचा वंशज वाटला. वाल्मीकि रामायण अख्खं चिनी भाषेत आणणारे ची श्येनलिन हनुमानाच्या बाजूने उभे राहिले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात या संस्कृत पंडिताला वसतिगृहाच्या दारावर राखणदार म्हणून बसवलं होतं. तिथे बसल्या बसल्या कागदाच्या चिटोऱ्यांवर त्यांनी हे भाषांतर केलं. मला वाटतं, उडी आणि बळ तिकडे इथूनच गेलं असावं, स्वभाव मात्र गेला नाही. मारुती दास आहे, तर वुकोंगची सुरुवातच स्वर्गात दंगा घालून होते.

असं पात्र छापील पानावर सोपं असतं. पडद्यावर माणसाला वानर व्हायचं असतं, वर उडायचंही असतं. जगभरच्या अद्भुत मालिकांची खरी परीक्षा इथेच होते, आणि या एका गोष्टीवर निघालेल्या मालिका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की कोणी कशावर भिस्त ठेवली ते स्पष्ट दिसतं.

पहिली मोठी मालिका जपानची. निप्पॉन टेलिव्हिजनने १९७८ साली ती सुरू केली आणि दोन हंगामांत तिचे ५२ भाग झाले. मासाआकी साकाई वानर झाला आणि भिक्षूच्या भूमिकेत मासाको नात्सुमे ही तरुण अभिनेत्री आली. पात्र पुरुषाचंच राहिलं, काम मात्र बाईने केलं. तिच्या संथ, स्वच्छ चेहऱ्यामुळे गुरूचा भाबडेपणा चीड आणणारा न वाटता करुण वाटू लागला. जपानमध्ये ही प्रथाच पडली. २००६च्या मालिकेतही भिक्षूचं काम अभिनेत्रीकडेच होतं. बीबीसीने १९७९पासून या मालिकेचे ३९ भाग इंग्रजीत आणले. ते संवाद लिहिणाऱ्या डेव्हिड वेअरला जपानी येत नव्हतं. त्याने आपल्या कानाला रुचेल अशी भाषा घडवली आणि ब्रिटन-ऑस्ट्रेलियातली एक पिढी त्यावर वाढली. नात्सुमे १९८५ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी.

आता चीन. तिथल्या मालिकेवर माझं मन जडलं आहे.

बीजिंगच्या सरकारी वाहिनीने १९८२ साली हे काम दिग्दर्शिका यांग जिए यांच्याकडे सोपवलं. जवळ कॅमेरा एकच. तो चालवायचे त्यांचे पती वांग चोंगछ्यू. कादंबरीतली यात्रा स्टुडिओत उरकायची नाही, असं यांगबाईंनी ठरवलं आणि हे बिऱ्हाड पाठीवर घेऊन त्या देशभर हिंडल्या. वानरांच्या गुहेसाठी ग्वेजोचा हुआंगग्वोशू धबधबा, ज्वालापर्वतासाठी तुरपानचे तापलेले लाल डोंगर. घोड्याचा लगाम धरून गुरू-शिष्य चौघे पाण्यातून चालत जातात, ते पाणी ज्युझायगो खोऱ्यातलं. भारतात पोचल्यानंतरची काही दृश्यं थायलंडमध्ये घेतली. काम इतकं लांबलं की भिक्षूच्या भूमिकेतला अभिनेता दोनदा बदलला. पैसे संपले तेव्हा रेल्वे बांधणाऱ्या एका सरकारी विभागाने ३० लाख युआन दिले, म्हणून गाडी पुढे सरकली. तरीही ठरलेल्या ३० भागांचे २५च झाले. काही भाग १९८६च्या चिनी नववर्षाला दिसले आणि अख्खी मालिका १९८८ साली लागली. त्याच सुमारास इकडे रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं की रस्ते ओस पडत होते.

तांत्रिक चमत्कार म्हणून पाहिलं तर मालिका साधी आहे. स्वर्ग म्हणजे कोरड्या बर्फाचा धूर, राक्षस म्हणजे मुखवटा. उडणं म्हणजे कमरेला बांधलेली तार. हाँगकाँगच्या सिनेमाला तारेचं तंत्र सरावाचं होतं, यांगबाईंची माणसं ते पडत-झडत शिकली. तारा तुटल्या, नट वरून खाली आले, उठून पुन्हा टांगले गेले. आज पाहताना यातलं बरंच काही उघड दिसतं. तरीही वानर पडद्यावर आला की शंका उरत नाही. याचं कारण एका घराण्यात आहे.

ल्यू श्याओ लिंग थोंग हे त्या नटाचं रंगभूमीवरचं नाव. जच्यांग प्रांतातल्या शाओशिंगचं हे घराणं वानरसोंगासाठीच ओळखलं जायचं. पणजोबा शेतमोकळ्या दिवसांत गावाकडे वानर नाचवायचे, आजोबांनी ते शांघायच्या थिएटरात नेलं. वडिलांनी शाओशिंगच्या ऑपेरात वानरराजाला अशा उंचीवर नेलं की त्यांच्या 'श्वेतास्थी राक्षसिणी'च्या नाटकावर १९६०च्या सुमारास चित्रपट निघाला. वारसा खरं तर थोरल्या भावाकडे जायचा होता. तो लहानपणापासून वडिलांबरोबर उभा राहायचा. १९६६ साली, सतरावं पुरं व्हायच्या आत, रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. जाताना त्याने धाकट्या भावाला सांगितलं की तू वानरराजा झालास की मी तुला दिसेन. धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता. आपल्या दशावतारी घरांत संकासुराचं सोंग जसं बापाकडून मुलाकडे येतं, तसं हे आलं. फक्त मध्ये एक मृत्यू होता.

धाकट्याची मोठी अडचण म्हणजे डोळे. कादंबरीतला वानर नजरेनेच राक्षस ओळखतो आणि या मुलाला तर लांबचं नीट दिसायचं नाही. नजर अधू, त्यामुळे ती मंद दिसे. मग तालीम सुरू झाली. पहाटे उगवत्या सूर्याकडे पाहायचं. रात्री अंधाऱ्या खोलीत उदबत्तीच्या लाल ठिपक्यावर नजर रोखायची. पिंगपाँगचा सामना चालू असताना मान न हलवता फक्त बुबुळं चेंडूमागे फिरवायची. शिवाय वानर पाळून त्याचं खाजवणं, दचकणं, एकदम गप्प होणं बघत राहायचं.

याचं फळ श्वेतास्थी राक्षसिणीच्या भागात दिसतं. ती तरुणी होऊन येते, मग म्हातारी, मग म्हातारा. वानर तिन्ही वेळा ओळखतो, तिन्ही वेळा मारतो, आणि गुरूला दिसतात निष्पाप माणसांची प्रेतं. गुरू त्याला हाकलतो आणि त्याचा नमस्कारही घेत नाही, तोंड फिरवतो. कादंबरीत वानर अंगाचे तीन केस उपटून आपली आणखी तीन रूपं करतो आणि चारी दिशांनी गुरूला घेरतो. तोंड कुठेही फिरवलं तरी एक नमस्कार त्याला घ्यावाच लागतो. मालिकेत या निरोपाच्या वेळी त्या तयार केलेल्या डोळ्यांत पाणी येतं. वानराचा मुखवटा, मागे माणसाचं रडणं. जगातल्या कोणत्याही अद्भुत मालिकेत याहून मोठी जादू मी पाहिलेली नाही, आणि तिला कसलंही यंत्र लागलं नाही.

सुटलेल्या प्रकरणांचे आणखी १६ भाग याच चमूने २००० साली पूर्ण केले. तोवर संगणक आला होता. चित्रं अधिक गुळगुळीत झाली, नटांची वयं मात्र वाढली होती. चिनी मुलांच्या उन्हाळी सुट्टीत वर्षानुवर्षं फिरून फिरून लागत राहिली ती जुनीच मालिका.

२०१८ची 'द न्यू लेजेंड्स ऑफ मंकी' न्यूझीलंडमध्ये चित्रित झाली. तिच्यात भिक्षूच्या जागी मुलाच्या वेषातली मुलगी आहे. डोंगरदऱ्या सुंदर, मारामाऱ्या चटपटीत. पण चिनी गोष्टीत चिनी वंशाचे नट जवळजवळ नाहीत, हा तेव्हा झालेला आक्षेप मला रास्त वाटतो.

कोरियाची 'ह्वायुगी' याआधी काही आठवडे सुरू झाली होती. टीव्हीएन वाहिनी, २३ डिसेंबर २०१७. तिची कल्पना धीट आहे. कादंबरीत गुरूच्या मंत्राने आवळलं जाणारं सोन्याचं कडं वानराच्या डोक्यावर असतं. इथे ते हातात येतं, आणि ते घातलं की वानराला गुरूच्या जागी असलेल्या बाईवर प्रेम करावंच लागतं. हे प्रेम खरं की कड्याचं, या पेचावर मालिका उभी आहे आणि ली सुंग-गी तो पेच चांगला पेलतो. पण दुसऱ्याच भागात, २४ डिसेंबरला, प्रेक्षकांना नटांना उचलणाऱ्या तारा जशाच्या तशा दिसल्या. संगणकावर त्या पुसायचं काम वेळेत झालं नव्हतं. प्रक्षेपण मध्येच थांबलं, पुन्हा सुरू झालं आणि शेवटी बंदच पडलं. वाहिनीला माफी मागावी लागली.

तारा दिसल्या याचं मला काही वाटत नाही. यांगबाईंच्याही दिसतात. फरक एवढाच की तिथे तारेला टांगलेला माणूस आयुष्यभराची तालीम घेऊन वर गेला होता आणि सहा वर्षं कोणी घड्याळ लावून बसलं नव्हतं. कोरियात वेळापत्रक आधी छापलं गेलं होतं, जादू मागून यायची होती. पडद्यामागची मोठी गोष्ट त्याच दिवसांत घडली. सेटच्या छताला झुंबर बसवताना एक कामगार सुमारे तीन मीटरवरून खाली कोसळला. त्याचा मणका दुखावला आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. माध्यम कामगारांच्या संघटनेने रात्रंदिवस चालणाऱ्या कामावर आणि सेटवरच्या सुरक्षेवर आवाज उठवला, सरकारी चौकशी झाली. पुढचे भाग आठवडाभर पुढे ढकलले गेले. ६ जानेवारीला मालिका पुन्हा सुरू झाली आणि मार्चमध्ये तिचे २० भाग पूर्ण झाले.