तारीफ-ए-हुसेनशाही : निजामशाहीची चित्रपोथी

तारीफ-ए-हुसेनशाही ही अहमदनगरच्या निजामशाही दरबारात तयार झालेली सचित्र फारसी पोथी आहे. दख्खनी चित्रकलेचे जे नमुने आज हाती आहेत, त्यांतल्या सर्वांत जुन्यांत तिची गणना होते. आफताबी नावाच्या कवीने पहिला हुसेन निजामशहा आणि त्याची बेगम खुंजा हुमायूँ यांच्या स्तुतीसाठी ती पद्यात रचली. सध्या ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.

मराठी मुलुखात फारसी पोथी घडावी यात त्या काळी नवल नव्हते. 1490 मध्ये निजामशाही स्थापणाऱ्या मलिक अहमदचे घराणे मूळचे पाथरीच्या ब्राह्मणांचे. पण राज्यकारभाराची आणि प्रतिष्ठेची भाषा फारसीच. पुढे बुऱ्हाण निजामशहाने इराणहून आलेल्या शाह ताहिरच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला आणि इराणच्या सफवी दरबाराशी संबंध जुळले. त्या दरबारात शाह तहमास्पसाठी 258 चित्रांचा शाहनामा तयार झाला होता. एवढ्या वैभवाची बरोबरी अहमदनगरला झेपणारी नव्हती. तरी सुलतानाच्या पदरी कवी, कातिब आणि चितारी असावेत, ही रीत तिथूनच आली.

अशा पोथीत आधी लेखन होई. कातिब घोटलेल्या कागदावर नस्तालिक वळणाचा मजकूर लिही आणि चित्राची जागा कोरी सोडी. मग चितारी रेखांकन करून लाजवर्दाचा निळा, हिंगुळाचा लाल असे रंग भरी, सोने लावी आणि गुळगुळीत दगडाने घोटून झळाळी आणी.

पोथीत आज 12 चित्रे आहेत; मुळात ती 14 असावीत. सोनेरी आकाश आणि उंचावर गेलेले क्षितिज ही इराणी वळणाची खूण. बायका मात्र चोळी ल्यालेल्या, लांबसडक वेणी घातलेल्या, सरळ इथल्या मातीतल्या. एका चित्रात तर स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते. दोहद म्हणून ओळखली जाणारी ही कल्पना संस्कृत काव्यातली आणि देवळांच्या शिल्पांतली. ती फारसी स्तुतिकाव्याच्या पानावर येऊन बसली आहे. या पोथीला नुसती इराणी नक्कल म्हणता येत नाही ते यामुळेच.

बाकीच्या चित्रांत दरबार आहे आणि युद्ध आहे. जानेवारी 1565 मध्ये दख्खनच्या सुलतानांनी तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव केला. हुसेनशहाच्या हुकमाने विजयनगरच्या रामरायाचा शिरच्छेद होतो, तो प्रसंगही इथे रंगवला आहे. विजयानंतर काही महिन्यांतच हुसेनशहा वारला. मुलगा मुर्तजा अल्पवयीन असल्याने राज्य खुंजा हुमायूँच्या हाती आले.

खरी गोष्ट इथून पुढे पानांवरच दिसते. सिंहासनावर सुलतानाशेजारी, जवळपास त्याच्या मांडीला मांडी लावून, बेगम बसलेली होती. मुसलमान दरबारातल्या चित्रांत राणीला अशी जागा क्वचितच मिळाली. पण बहुतेक चित्रांत आज तिची आकृती पुसून रंगाने झाकलेली आहे. 1569 मध्ये मुर्तजाने आईला कैद करून सत्ता हाती घेतली. खाडाखोड त्यानंतरची, असा अभ्यासकांचा तर्क आहे आणि तो पटण्यासारखा आहे. पोथीचा काळ 1565 ते 1569 असा धरला जातो तोही याच हिशेबाने : बेगमेचा असा गौरव तिच्या हाती कारभार असतानाच होणार. पुसणाऱ्याचे काम तसे अर्धवटच राहिले. झाकलेल्या जागेशेजारी सुलतानाचा हात अजून तिच्याकडे वळलेला दिसतो.

ही बेगम म्हणजे चांदबिबीची आई. मुलीचे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे, आईचे मात्र अभ्यासकांपुरतेच राहिले.

ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी संपादिलेली या पोथीची आवृत्ती मंडळाने 1987 मध्ये छापली. अहमदनगरच्या चित्रकलेचे याखेरीज फार थोडे उरले आहे. मुर्तजाच्या काळातले म्हणून ओळखले जाणारे एक उत्कृष्ट व्यक्तिचित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि 1636 मध्ये निजामशाहीच संपली. तिच्या मुलुखाची वाटणी मोगल आणि विजापूरकरांत झाली.