होडीच्या इंजिनाचे तेल मोजावे कसे?

१९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि इंदापूर तालुक्याच्या कडेने वाहणारी भीमा पसरून समुद्रासारखी झाली. काठावरच्या माणसाला पलीकडे करमाळ्याच्या अंगाला जायचे तर एक तर रस्त्याने मोठा वळसा घ्यावा लागतो, नाही तर होडीत बसावे लागते. कळाशी-कुगाव ही अशीच एक वाट. शिवाय मासेमारीच्या होड्या आहेत, आणि हिवाळ्यात भिगवणला पक्षी पाहायला येणाऱ्यांना फिरवणाऱ्या होड्या आहेत. यांपैकी इंजिनावर चालणाऱ्या होड्यांविषयी आज बोलायचे आहे. त्यांच्या पोटात तेल किती जाते, हे कसे मोजावे?

कुणी म्हणेल, "अहो, टाकीत काठी बुडवून बघतोय की आम्ही! आणखी मोजायचं काय?"

काठी चांगलीच आहे, ती सोडू नका. पण काठी सांगते ते टाकीत उरले किती एवढेच. दर तासाला किती जळते, हे ती सांगत नाही. होडी डुलत असली की तीही खोटे बोलते. त्यात उजनीचे पाणी एका जागी राहत नाही. पावसाळ्यानंतर काठोकाठ, तर वैशाखात लांब आत सरकलेले. धक्का सरकतो, खेपेचे अंतर बदलते, आणि गेल्या महिन्याचा अंदाज या महिन्याला लागू पडत नाही.

हे केवळ पैशाचे काम नाही. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ते संकट वाऱ्याचे होते. पण अशा वाऱ्यात इंजिन चालू असेल तर होडीचे तोंड लाटेकडे धरता येते. इंजिन बंद पडले की होडी लाटेला आडवी होते, आणि मग नावाड्याच्या हातात फारसे काही उरत नाही. म्हणून भर पाण्यात तेल संपणे ही गोष्ट होताच कामा नये.

आता मीटरकडे वळू. घराच्या नळाला मीटर असतो, तसाच हा तेलाच्या नळीत बसतो. याला फ्लो मीटर म्हणतात. आत एक बारीक चक्र असते. तेल वाहते तसे ते फिरते, आणि फेऱ्या मोजून समोरची पेटी आकडा दाखवते : तासाला इतके लिटर.

मीटर विकत घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. माझ्या इंजिनातून तेल टाकीत परत येते का?

मागे टांगलेल्या लहान पेट्रोल इंजिनाला बहुधा एकच नळी असते. गेले ते जळले. तिथे एक मीटर पुरतो. डिझेलची गोष्ट वेगळी. बारामतीकडे विहिरीवर ऑइल इंजिन चालवलेल्या माणसाला ती परतीची बारीक नळी ठाऊक असेल. मोठ्या डिझेल इंजिनात पंप गरजेपेक्षा पुष्कळ जास्त तेल ओढतो. काही जळते, उरलेले पंपाला आणि नोजलला थंड ठेवून टाकीत परत जाते. अशा इंजिनाला जाणाऱ्या नळीवर एक आणि परतीच्या नळीवर एक, असे दोन मीटर लागतात. वजाबाकी करावी, तेव्हा खरा आकडा मिळतो.

शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. तासाला ४० लिटर गेले, ३४ परत आले. जळले किती? ६ लिटर. आता प्रत्येक मीटर शंभरात एकाने चुकतो असे धरा. पहिला ०.४० ने चुकेल, दुसरा ०.३४ ने. दोन्ही चुका उलट दिशेला झाल्या तर एकूण ०.७४ लिटर. ही चूक ४० वर नव्हे, ६ वर पडते. म्हणजे शंभरात बारा! मीटर चांगले, पण वजाबाकीने चूक मोठी केली. शिवाय परतीचे तेल गरम असते. २० अंशांनी तापलेले डिझेल शंभर लिटरमागे सुमारे दीड लिटर फुगते. परतीच्या ३४ लिटरांत ते अर्धा लिटर झाले, आणि तेवढे जळणच कमी दिसू लागले. म्हणून दोन मीटरांची जोडी घेताना ती तापमानाचा हिशेब धरणारी आहे का, हे विचारून घ्या.

दुसरी गोष्ट मापाची. नळीच्या जाडीवरून मीटर घेऊ नका, वाहणाऱ्या तेलावरून घ्या. डिझेल इंजिनाला पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण पाव लिटर लागते. दहा अश्वशक्तीला दोन-अडीच लिटर. परतीचे तेल नगण्य असलेल्या अशा इंजिनाला दहा लिटरपासून पुढे मोजणारा मीटर लावला तर चक्र धड फिरणारच नाही.

खरे सांगायचे तर एका सिलिंडरच्या लहान डिझेल होडीला मीटर न लावलेलाही चालेल. लिटरच्या खुणा केलेला लहान डबा घ्यावा. जाणारी आणि परतीची, दोन्ही नळ्या त्यात सोडाव्यात. नेहमीच्या वेगाने अर्धा तास इंजिन चालवावे, उतरलेले तेल पाहावे आणि दुप्पट करावे. हा झाला गरिबाचा मीटर. पण हे डिझेललाच; पेट्रोलचा उघडा डबा होडीत कधीही ठेवू नका, भडका उडेल.

मीटर बसवताना पुढील गोष्टी सांभाळा. टाकी, मग कोक, मग गाळणी, आणि गाळणीनंतर मीटर. कचरा गेला की चक्र अडकते. मीटरवरचा बाण इंजिनाकडे हवा. शक्यतो तेल खालून वर वाहील असा उभा बसवावा, म्हणजे हवेचे बुडबुडे आत अडकत नाहीत. इंजिनाच्या अंगावर लावू नये, होडीच्या अंगाला लावावा, इंजिन थरथरते. धुराच्या नळकांड्यापासून दूर ठेवावा. पंपाला अगदी चिकटून नको, कारण पंपाच्या धक्क्यांनी तेल मागेपुढे होते आणि चक्र तेच तेल दोनदा मोजते. नळी इंधनाचीच वापरावी आणि प्रत्येक जोड घट्ट आवळावा. ओढीच्या नळीत सैल जोडातून तेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. मग इंजिन 'एअर घेते' आणि बंद पडते. काम झाल्यावर हवा काढून काठाजवळच अर्धा तास चालवून पाहावे. टाकी वर असून तेल नुसते उताराने येत असेल, तर वाट न अडवणारा मीटर निवडावा.

मग मीटर खरा आहे का, ते पडताळा. टाकी खुणेपर्यंत भरा, काही खेपा करा, पुन्हा त्याच खुणेपर्यंत मापाने भरा. मीटर १८ म्हणतो आणि टाकीत २० लिटर मावले, तर मीटरच्या आकड्याला २० ने गुणून १८ ने भागावे. पुष्कळ मीटरांत ही दुरुस्ती पेटीतच करता येते.

एवढे करून मीटर तेल वाचवतो का? नाही. तेल वाचवतो तो इंजिनाच्या वेगावरचा हात. पाणी कापत जाणाऱ्या होडीला वेग थोडा वाढवायला ताकद फार लागते. समजा पाच किलोमीटरची खेप आहे. ताशी दहाच्या वेगाने अर्धा तास आणि तीन लिटर लागले. ताशी आठने गेलात तर साडेसात मिनिटे जास्त लागतील, पण तेल दोन लिटरांच्या आतबाहेर. हिशेब ढोबळ आहे. तुमच्या होडीचा आकडा तुमचा मीटरच सांगेल.

तो आणखीही एक सांगतो. वेग तोच आणि तेल एकाएकी वाढले, तर पंख्यात जाळे किंवा जलपर्णी गुंतली असेल, नाही तर होडीत माणसे जास्त झाली असतील. तेव्हा थांबून पाहावे.

शेवटी तिसऱ्या हिश्शाचा नियम लक्षात ठेवा : एक हिस्सा जायला, एक यायला, आणि एक अडीअडचणीला. जायला-यायला मिळून ६ लिटर लागत असतील तर ९ लिटर घेऊनच होडी सोडा. मीटर असला तरी सकाळी काठी बुडवा. अंगात तरंगते जाकीट घाला, प्रवाशांनाही घाला. आणि वैशाखातल्या संध्याकाळी आभाळ काळवंडले, तर टाकी भरलेली असली तरी होडी काठालाच बांधून ठेवा.