केंद्रकाची भिंत कोण पाडतं?

पेशीच्या आत : लेखांक ९

कांद्याच्या मुळाचं टोक ज्यांनी प्रॅक्टिकलला स्लाइडवर चिरडलं असेल, त्यांना तो सगळा क्रम आठवेल. ग्लासातल्या पाण्यावर टेकवून ठेवलेला कांदा, दोन-तीन दिवसांनी फुटलेली पांढरी मुळं, असिटोकार्मिनचा लाल थेंब, स्पिरिटच्या दिव्यावरून फिरवलेली स्लाइड आणि ब्लॉटिंग पेपरवरून अंगठ्याने दिलेला दाब. मग सूक्ष्मदर्शकाखाली एका पेशीत केंद्रक गोल आणि अखंड दिसायचं, शेजारच्या पेशीत केंद्रकावरणाचा पत्ताच नसायचा, नुसती गुणसूत्रं. जर्नलमध्ये आपण लिहिलं : केंद्रकावरण नाहीसं होतं.

स्लाइडवरची पेशी मेलेली असते. तिच्यात आधीचं दिसतं किंवा नंतरचं दिसतं, मधे काय घडलं ते दिसत नाही. म्हणून ‘नाहीसं होतं’ हे क्रियापद इतकी वर्षं खपून गेलं. प्राण्यांच्या पेशीत ते आवरण पाडावं लागतं, आणि पाडण्याच्या कामाला केंद्रकाबाहेरचा एक गडी हात लावतो. त्याचं नाव सेंट्रोसोम, पाठ्यपुस्तकी भाषेत तारककाय.

हे नाव १८८८ साली थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं. घोड्याच्या आतड्यातल्या जंताची अंडी तपासताना पेशीच्या दोन टोकांना दोन ठिपके आणि त्यांच्यापासून निघालेले किरणांसारखे धागे त्याला दिसले. पेशी विभागण्याचं खास इंद्रिय ते हेच, असं त्याने ठामपणे मांडलं. पुढे समुद्री साळिंदराच्या अंड्यांवर त्याने काम केलं. एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले, तर दोनाऐवजी तीन-चार टोकं तयार होतात, गुणसूत्रं वाटेल तशी वाटली जातात आणि भ्रूण बिघडतो. या निरीक्षणातूनच त्याचं कर्करोगावरचं १९१४ सालचं पुस्तक उभं राहिलं. माझ्या मते जीवशास्त्रातल्या सर्वांत दूरदृष्टीच्या पुस्तकांपैकी ते एक आहे.

सेंट्रोसोमच्या गाभ्यात दोन तारककेंद्रं असतात. प्रत्येकाची लांबी साधारण अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे केंद्रकापुढे अगदीच किरकोळ. भोवती प्रथिनांचा गोळा, आणि त्या गोळ्यातून सूक्ष्मनलिका, म्हणजे तेच किरणांसारखे धागे, उगवतात. मागच्या लेखांकात डीएनएची प्रत निघताना पाहिली, त्याच टप्प्यात सेंट्रोसोमचीही जोडी तयार होते. दोन्ही कामं प्रत्येक फेरीत एकदाच व्हायला हवीत.

आता खरी गंमत. जोडीतले दोघे सेंट्रोसोम सुरुवातीला केंद्रकाच्या एकाच बाजूला चिकटून असतात. त्यांना समोरासमोरच्या टोकांना जायचं असतं. किनेसिन-५ जातीची प्रथिनं दोघांमधल्या नलिका एकमेकींवरून सरकवून त्यांना दूर लोटतात. पण त्यांनी पेशीत भरकटू नये, केंद्रकाच्या पाठीवरूनच सरकावं, यासाठी केंद्रक स्वतः व्यवस्था करतं. विभाजन जवळ आलं की केंद्रकावरणावरच्या रंध्रांपाशी डायनिन नावाची प्रथिनं येऊन बसतात. डायनिन सूक्ष्मनलिकेवरून चालतं आणि त्याची दिशा ठरलेली, सेंट्रोसोमकडे. एक पाय केंद्रकाला बांधलेला आणि चाल सेंट्रोसोमकडे, त्यामुळे केंद्रक आणि सेंट्रोसोम एकमेकांना खेचून धरतात. ही पकड ढिली पडली, सेंट्रोसोम पुरेसे लांब जायच्या आत भिंत पडली, तर एखाद्या गुणसूत्राला दोन्ही टोकांचे धागे एकाच जागी चिकटण्याचा धोका वाढतो. असं गुणसूत्र वाटणीत मागे रेंगाळतं.

आणि हेच डायनिन भिंतही पाडतं. २००२ साली दोन गटांनी एकाच सुमारास हे दाखवून दिलं. त्यांनी सस्तन प्राण्यांच्या जिवंत पेशींमध्ये केंद्रकावरणाच्या प्रथिनांना चमकणारं प्रथिन जोडलं आणि भिंत पडतानाच तिचं चित्रण केलं. सेंट्रोसोमजवळ आवरणाला चुण्या पडत होत्या, आवरण तिकडे गोळा होत होतं. दूरच्या बाजूला ते ताणलं जात होतं, आणि भोक पडलं ते तिथे. घट्ट बसलेला उशीचा अभ्रा एका बाजूने मुठीत गोळा करत गेलं की पलीकडची शिवण उसवते, तसंच. पहिलं भोक पडल्यावर बाकीचं आवरण काही मिनिटांत उतरतं.

मात्र नुसत्या ओढण्याने हे होत नाही. आवरणाच्या आतून लॅमिन प्रथिनांची जाळी असते. सीडीके-१ हे विकर लॅमिनवर फॉस्फेट चढवून ती जाळी सैल करतं. सूक्ष्मनलिका औषधाने विरघळवल्या तरी भिंत शेवटी पडते, फक्त उशिरा. आणि हे सीडीके-१, सायक्लिन-बी या जोडीदारासह, सक्रिय झालेलं पहिल्यांदा दिसतं ते सेंट्रोसोमवरच.

राहिला कांदा. त्याच्या पेशीत सेंट्रोसोम नसतोच, तरी गुणसूत्रं बरोबर वाटली जातात. कारण गुणसूत्रं स्वतःभोवती सूक्ष्मनलिका उगवून घेऊ शकतात. ही क्षमता आपल्या पेशींतही आहे. २००६ साली तारककेंद्रं नसलेल्या फळमाश्या तयार केल्या गेल्या, आणि त्या प्रौढ होईपर्यंत वाढल्या. म्हणजे सेंट्रोसोमशिवाय अडतंच असं नाही. पण माणसाच्या आयुष्याच्या पहिल्याच विभाजनात त्याच्या जागेला फार किंमत आहे.

स्त्रीबीज तयार होताना आपली तारककेंद्रं गमावतं. शुक्राणू ती घेऊन येतो. त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या नलिकांवरून आईचं केंद्रक बापाच्या केंद्रकाकडे ओढलं जातं, दोन्ही शेजारी येतात आणि सेंट्रोसोम त्यांच्या सांध्यावर बसतात. दोन्हीकडची गुणसूत्रं त्या सांध्याच्या बाजूला गोळा होतात. जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ साली गाईच्या भ्रूणांमध्ये हे बारकाईने पाहिलं. ही जमवाजमव बऱ्याचदा फसते, आणि मग गुणसूत्रांची संख्या चुकते.

टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत फलनानंतर सोळा ते अठरा तासांनी भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात, तेव्हा ते हीच दोन केंद्रकं शोधत असतात.

पाडलेली भिंत पुन्हा कशी उभी राहते, ते पुढच्या आठवड्यात.