सीएसएस आणि देवनागरीचे अक्षर

संकेतस्थळाचे पान दोन अंगांनी सिद्ध होते. शीर्षक कोणते, परिच्छेद कोठे संपतो, हे एचटीएमएल सांगते. तो मजकूर कोणत्या आकारात, किती अंतराने आणि किती रुंदीत दिसावा, हे सीएसएस ठरविते. या दुसऱ्या अंगाची कल्पना होकोन व्यूम ली यांनी १९९४ साली मांडली. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही त्याच वर्षी स्थापन झाले, हा योगायोगच होय. सीएसएसची पहिली प्रमाण आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या कर्त्यांसमोर प्राधान्याने रोमन लिपी होती. रोमन वर्ण सुटा उभा राहतो. देवनागरीत व्यंजन, स्वरचिन्ह व अनुस्वार मिळून अक्षर होते, आणि शिरोरेखा अक्षरांचा शब्द बांधते. हा भेद दुर्लक्षिला तर काय घडते, हे पाहण्यास या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील दोन शहरांची नावे पुरेशी आहेत.

शीर्षक भारदस्त दिसावे म्हणून रोमन कॅपिटल अक्षरे ‘लेटर-स्पेसिंग’ने विरळ करण्याचा प्रघात आहे. कॅपिटल करण्याची आज्ञा देवनागरीवर निष्फळ ठरते, कारण तीत लहानमोठ्या लिपीचा भेदच नाही. अंतराची आज्ञा मात्र लागू पडते. ‘लातूर’चे ‘ला तू र’ होते, शिरोरेखा तुटते, आणि शब्द एक की तीन, असा संदेह उभा राहतो. हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नव्हे.

ओळींच्या उंचीचेही तसेच. रोमन शीर्षकास अक्षराच्या १.२ पट उंची बहुधा पुरते. तेवढ्या जागेत वरच्या ओळीतील ‘लातूर’चा ऊकार खालच्या ओळीतील ‘नांदेड’च्या अनुस्वारास भिडण्याचा संभव असतो. दुव्याखालील रेघ त्याच ऊकाराला छेदते, किंवा त्यापाशी खंडित होते. ‘टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट’ने ती खाली सरकविता येते.

या सर्वांवरील मुख्य उपाय नवा नाही. तो उपेक्षित आहे. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ‘लँग’ हा सिलेक्टर उपलब्ध आहे. मराठी मजकुरावर ‘एमआर’ ही भाषेची खूण एचटीएमएलमध्ये केली, की तेवढ्याच मजकुराला अंतर शून्य आणि ओळीची उंची अधिक, असे नियम लावता येतात. याच खुणेवर आणखी एक गोष्ट अवलंबून आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमाला जाहीर केली, तीत मराठीचा ‘ल’ पाकळीचा आहे. हिंदीत दंडाचा रूढ आहे. युनिकोडमध्ये मात्र दोहोंचा संकेतांक एकच. फॉण्टमध्ये दोन्ही रूपे असली, तर ब्राउझर भाषेची खूण पाहून त्यांतले एक निवडतो. तयार साच्यातील इंग्रजीची ‘ईएन’ ही खूण तशीच राहिली, तर मराठी रूप फॉण्टमध्ये असूनही उपयोगात येत नाही. शाळेत एक ‘ल’ गिरवून घ्यावा आणि निकालाच्या पानावर ‘लातूर’ दुसऱ्याच ‘ल’ने लिहावे, ही विसंगती एका शब्दाच्या दुरुस्तीने टळण्यासारखी आहे.

अलीकडील साधनांपैकी दोन विशेष उपयोगी आहेत. पूर्वी मांडणी पडद्याच्या रुंदीवरून ठरे. २०२३ पासून प्रमुख ब्राउझरांत आलेल्या ‘कंटेनर क्वेरी’ने ती त्या त्या चौकटीच्या रुंदीवरून ठरविता येते. अरुंद चौकटीत दीर्घ सामासिक शब्दांची सूचना असेल, तर तेथेच अक्षर लहान करावे, अन्यत्र नाही. ‘टेक्स्ट-रॅप’चा ‘बॅलन्स’ हा प्रकार २०२४ पर्यंत सर्वत्र पोहोचला. त्यामुळे शीर्षकाच्या शेवटच्या ओळीत ‘आहे’ हे क्रियापद एकटे पडण्याचे बहुधा टळते. ‘फॉण्ट-सिंथेसिस’ बंद केल्यास, ज्या देवनागरी फॉण्टला तिरपे रूप नाही त्याला ब्राउझर बळेच कलवीत नाही.

‘सीएच’ या मापाविषयी मात्र सावधगिरी हवी. सुवाच्य ओळ सुमारे ६५ ‘सीएच’ असावी, असे शिकविले जाते. पण हे माप शून्याच्या अंकाच्या रुंदीवर बेतलेले आहे. ‘स्वामी’तील ‘स्वा’ आणि ‘नांदेड’मधील ‘ड’ यांच्या रुंदीतील अंतर पाहिले, म्हणजे मराठी ओळीची लांबी प्रत्यक्ष मजकूर मांडूनच का ठरवावी लागते, हे ध्यानात येते.